पाचशे बारा बाइटांचे जंक्शन
प्रस्तावना

मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरे सलग लोहमार्गाने जोडली गेली ती ७ मार्च १८७० रोजी, आणि तो जोड बसला जबलपुरात. इटारसीकडून आलेला रूळ ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा होता, अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन कंपनीचा. दोन मालक, दोन कारभार आणि मध्ये एक यार्ड. गाडी तीच, पण इथून पुढे तिची जबाबदारी दुसऱ्याची. आज जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे आणि त्या जुन्या कंपन्या इतिहासजमा झाल्या आहेत. तरी गावाच्या स्वभावात ती गोष्ट मुरलेली आहे: ताबा एकाकडून दुसऱ्याकडे जातो ती जागा सर्वांत जपायची असते.

आपला संगणकही कळ दाबल्यावर दर वेळी असाच ताबा बदलतो. फर्मवेअर जागे होते, डिस्कवरच्या एका ठरलेल्या जागी जाते, तिथे मिळालेल्या छोट्याशा कोडच्या हाती यंत्र सोपवते आणि बाजूला होते. हे पुस्तक त्या जागेविषयी आहे. त्यातही एका नाजूक प्रसंगाविषयी आहे: डिस्क वापरात असताना, तिच्यावरची प्रणाली चालू असताना, त्या जागी नवा बूट कोड लिहिणे. एवढ्याशा कामासाठी अख्खे पुस्तक कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर देणे हे या प्रस्तावनेचे पहिले काम समजतो.

आधी जागेची ओळख करून घेऊ. बायोस असलेल्या जुन्या धर्तीच्या यंत्रात फर्मवेअर डिस्कचा पहिला सेक्टर उचलते, मेमरीत हेक्साडेसिमल ७सी०० या पत्त्यावर ठेवते आणि तिथे उडी मारते. हा सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले पहिले ४४६ बाइट कोडसाठी. पुढचे ६४ पार्टिशन टेबलसाठी, म्हणजे १६ बाइटांच्या चार नोंदी. आणि शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए ही खूण. देवनागरी मजकूर यूटीएफ-८ मध्ये साठवताना एका चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे ४४६ बाइटांत आपली जेमतेम १४८ चिन्हे मावतील. या परिच्छेदाची पहिली तीन वाक्येही त्यात बसत नाहीत. संपूर्ण यंत्राचे उठणे मात्र तेवढ्याच जागेतून सुरू होते.

आता या कोडचा एक चमत्कारिक गुण पाहा. प्रणाली एकदा उभी राहिली की तिला या कोडची गरज उरत नाही. माडीवर पोचलेल्या माणसाला जिना लागत नाही, तसेच हे. म्हणून चालू यंत्रावर बूट कोड बदलता येतो. आणि म्हणूनच तो चुकीचा बदलला तरी लगेच कळत नाही. चूक तिथेच झोपून राहते. यंत्र आठवडेच्या आठवडे व्यवस्थित चालते, आणि मग एखाद्या रात्री वीज जाते, पहाटे येते, तेव्हा पडदा काळाच राहतो.

हा धडा मी स्वतःच्या हातून शिकलो आहे. पहिल्या सेक्टरची एक प्रत मी जपून ठेवली होती. मध्यंतरी डिस्कची विभागणी बदलली. पुढे बूट कोड बिघडल्याचा संशय आला म्हणून, यंत्र चालू असतानाच, ती जुनी प्रत परत लिहिली. लिहायचे होते ४४६ बाइट. मी लिहिले ५१२. कोडसोबत जुने पार्टिशन टेबलही परत गेले. कर्नलने खरी विभागणी स्वतःच्या मेमरीत धरून ठेवलेली असल्याने काहीच बिघडलेले दिसले नाही. वीस दिवसांनी पुनःप्रारंभ झाला तेव्हा डेटाची पार्टिशन जागेवर सापडेना. माहिती डिस्कवर होती तशीच होती. हरवला होता फक्त तिचा पत्ता. ६६ बाइट जास्त लिहिल्याची किंमत दोन रात्रींची जाग.

मग असा धोका पत्करायचाच कशाला? डिस्क मोकळी असतानाच लिहावे की! तत्त्व म्हणून हे बरोबर आहे, पण व्यवहारात बहुतेकांकडे एकच डिस्क असते, आणि कोड बदलणारा प्रोग्रॅम त्याच डिस्कवरून चाललेला असतो. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सच्या सीडी येऊ लागल्या, तेव्हा आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या शहरांतल्या कितीतरी मुलांनी घरच्या एकुलत्या एका संगणकावर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवले. लिलो नावाचा बूट लोडर त्यांनी चालू डिस्कवरच लिहिला. वर्नर आल्मेसबर्गर यांच्या या लोडरची एक खोड होती: कर्नलची फाइल डिस्कवर कोणकोणत्या ब्लॉकांत आहे याची यादी तो आधीच करून ठेवायचा. कर्नल बदलले आणि लिलो पुन्हा चालवायचे राहिले, की यादी शिळी व्हायची. कधी कधी पडद्यावर एल आणि आय ही दोनच अक्षरे उमटून यंत्र थिजायचे. ती दोन अक्षरे पाहून ज्यांच्या पोटात गोळा आला, त्यांतलेच काही पुढे चांगले सिस्टिम इंजिनिअर झाले.

ही विद्या मात्र केवळ सज्जनांच्याच हाती राहिली नाही, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. १९८६ साली लाहोरमध्ये दोन अल्वी बंधूंनी लिहिलेला ब्रेन हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये घर करायचा. मूळ सेक्टर तो दुसरीकडे हलवायचा आणि ती जागा खराब म्हणून नोंदवायचा. १९९० साली भारतात आढळलेल्या एका व्हायरसचे नाव तर घरचेच वाटावे असे: जोशी. तो बूट सेक्टरमध्ये आणि हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये शिरायचा, ५ जानेवारीला यंत्र अडवून धरायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप केल्याशिवाय सोडायचा नाही. त्या काळात पुण्यात संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या कैलाश काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांतली ही कीड पाहून त्यावर उतारा तयार केला आणि त्यातूनच क्विक हील उभे राहिले. बूट सेक्टरच्या अभ्यासाला मराठी हात लागलेला आहे, तो असा.

ब्रेनकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. बूट सेक्टर वाचायला गेले की तो मूळ, निर्मळ सेक्टरच दाखवायचा. म्हणजे तपासणी करणाऱ्याला उत्तर मिळत होते ते खुद्द चोराच्या तोंडून. चालू यंत्रावर ‘डिस्कवर काय आहे’ असे विचारले की उत्तर नेहमी मेमरीत बसलेल्या कुणाच्या तरी हातून येते. व्हायरस नसला तरी हे खरे. प्रामाणिक प्रणालीही आपल्याला डिस्कवरचे न दाखवता पुष्कळदा स्वतःजवळची प्रत दाखवते. या पुस्तकाचा गाभा इथेच आहे.

तो गाभा एका वाक्यात असा मांडता येईल: धोका बूट कोडमध्ये नसतो, एका डिस्कला दोन मालक होण्यात असतो. माउंट झालेल्या फाइल सिस्टिमचा बराच भाग मेमरीत असतो. तो सवडीने डिस्कवर उतरवला जातो. तुम्ही तिला न विचारता थेट डिस्कवर लिहिलेत, तर तिच्या मेमरीतली जुनी प्रत थोड्या वेळाने येऊन तुमचे लेखन पुसून टाकू शकते. किंवा याहून वाईट म्हणजे, दोघांचे अर्धे-अर्धे लेखन तिथे एकत्र राहू शकते. रेल्वेत चालू मार्गावर काम करायचे तर स्टेशन मास्तरकडून ‘ब्लॉक’ घ्यावा लागतो. ठरलेल्या वेळेपुरती वाहतूक थांबते, काम होते, मार्ग तपासला जातो आणि मगच तो परत सोपवतात. गँगमन कितीही निष्णात असला तरी ब्लॉकशिवाय रूळ उखडत नाही. डिस्कच्या बाबतीत हा ब्लॉक कुणाकडे मागायचा, हे ओळखणे म्हणजे अर्धी विद्या.

निरनिराळ्या प्रणालींनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे ताडून पाहण्यासारखी आहेत. ओपनबीएसडी नेहमीच्या अवस्थेत, म्हणजे सुरक्षा-पातळी १ वर, माउंट झालेल्या फाइल सिस्टिमच्या डिस्कवर थेट लिहूच देत नाही. विंडोजने व्हिस्टापासून माउंट व्हॉल्यूमवरचे थेट लेखन अडवले, पण बूट सेक्टर आणि फाइल सिस्टिमच्या हद्दीबाहेरचे सेक्टर यांना मुभा ठेवली. लिनक्सने प्रशासकावर दीर्घकाळ पूर्ण विश्वास टाकला. असे लेखन बंद करण्याचा पर्याय कर्नलमध्ये आला तो २०२४ च्या ६.८ आवृत्तीत. फ्रीबीएसडीमध्ये पॉल-हेनिंग कँप यांनी रचलेली जिऑम ही यंत्रणा वापरात असलेल्या डिस्कवर परस्पर लिहायला नकार देते. हा नकार उठवणारा एक झेंडाही, म्हणजे फ्लॅग, तिथे आहे. अधिकृत माहितीपुस्तिकेत त्याचे जे मिश्कील नाव दिले आहे, त्याचा मराठी अर्थ सरळ आहे: पायावर धोंडा पाडून घेण्याची मुभा.

नवख्या वाचकाला या झेंड्याचे आकर्षण वाटते, कारण तो लावला की अडलेली आज्ञा चालते. पण त्याच प्रणालीतली जीपार्ट ही आज्ञा वापरली तर पहिल्या सेक्टरमध्ये कोड लिहायला झेंडा लागत नाही. का? जीपार्ट पाठीमागून डिस्कवर लिहीत नाही. विभागणीचा कारभार पाहणाऱ्या कर्नलमधल्या घटकालाच ते काम सांगते. मालकाने स्वतःच लिहिले की दोन मालकांचा प्रश्न उरत नाही. अडले की कुलूप तोडण्याआधी किल्ली कुणाकडे आहे ते पाहावे, ही सवय वाचकांनी पहिल्या प्रकरणापासूनच लावून घ्यावी.

दुसरा प्रश्न मोकळ्या जागेचा. फाइल सिस्टिम रचणाऱ्यांपैकी काहींनी बूट कोडसाठी दारात जागा सोडली, काहींनी सोडली नाही. एक्स्ट घराण्यात पहिले १,०२४ बाइट मोकळे असतात आणि सुपरब्लॉक त्यानंतर येतो. एक्सएफएसचा सुपरब्लॉक अगदी उंबरठ्यावर, शून्यापासूनच बसतो. तिथे बूट सेक्टर लिहिणे म्हणजे फाइल सिस्टिमचे कपाळ पुसणे. झेडएफएसची रचना सर्वांत ऐसपैस: पार्टिशनच्या सुरुवातीला प्रत्येकी २५६ किलोबाइटांची दोन लेबले आणि त्यांच्यामागे साडेतीन मेगाबाइट खास बूट कोडसाठी राखलेले. म्हणूनच फ्रीबीएसडीवर जुन्या रीतीने हा कोड लिहिताना १,०२४ सेक्टर ओलांडून लिहावे लागे, कारण १,०२४ सेक्टर म्हणजे नेमके ५१२ किलोबाइट, दोन लेबलांची लांबी. आज्ञेतला असा एखादा आकडा गूढ वाटला तर तो पाठ करू नका. तो कोणत्या भिंतीची जाडी सांगतो ते शोधा.

आणखी एक मोकळी जागा म्हणजे पहिला सेक्टर आणि पहिले पार्टिशन यांमधली गल्ली. जुन्या विभागणीत, शून्यापासून मोजल्यास, पहिले पार्टिशन ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होई, म्हणून मध्ये ६२ सेक्टर, म्हणजे ३१,७४४ बाइट पडून राहत. नंतर ही हद्द एक मेबीबाइटपर्यंत सरकली. ग्रब हा बूट लोडर आपला मुख्य भाग याच गल्लीत ठेवतो. पण गल्ली कुणाच्याच नावावर नाही. परवाना तपासणाऱ्या काही सॉफ्टवेअरनीही तिथे आपल्या खुणा ठेवल्या आणि ग्रब मोडू लागला. त्यावर ग्रबच्या कर्त्यांनी काय करावे? अशा खुणा ओळखून ते सेक्टर टाळायला ग्रबला शिकवले, आणि खरवडलेल्या सीडीवरचे गाणे वाजते राहावे म्हणून वापरतात ती रीड-सॉलोमन दुरुस्ती-संकेतावली बूट कोडला जोडली. बेवारस जागेत राहणाऱ्याने घ्यावी ती सगळी खबरदारी त्यात आहे. जीपीटी विभागणीने पुढे बूट कोडसाठी नावावर नोंदलेले छोटे पार्टिशन देऊ केले, तेव्हा कुठे हा गल्लीतला संसार संपला.

अलीकडचा एक प्रसंगही या पुस्तकात सविस्तर येतो. २०२० च्या जुलैअखेरीस ग्रबमधली बूटहोल ही सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली आणि दुरुस्तीच्या आवृत्त्या जगभर गेल्या. काही यंत्रांवर ग्रब कोणत्या डिस्कवर लिहायचा याची जुनी नोंद चुकीची राहिलेली होती. परिणाम असा झाला, की फाइल सिस्टिममधले ग्रबचे भाग नवे झाले आणि यंत्र ज्या डिस्कवरून उठत होते तिच्या पुढच्या सेक्टरांतला भाग जुनाच राहिला. दोन अर्ध्या भागांची गाठ पडली ती पुनःप्रारंभाच्या वेळी. नवा भाग जे नाव मागत होता ते जुन्याला ठाऊकच नव्हते, आणि यंत्र तिथेच थांबले. लेखन कुठेही फसले नव्हते. ते अचूक झाले होते, फक्त दुसऱ्या डिस्कवर.

बायोसच्या जागी यूईएफआय हे नवे फर्मवेअर आल्यावर हे सारे कालबाह्य झाले, असे कुणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. आता बूट कोड एका फॅट पार्टिशनवर साधी फाइल म्हणून राहतो आणि फाइल लिहिताना फाइल सिस्टिम स्वतः मालक असते. कच्च्या सेक्टरांशी झटापट संपली, ताब्याचे प्रश्न मात्र संपले नाहीत. दोन डिस्क आरशासारख्या जोडलेल्या असल्या तरी हे पार्टिशन बहुधा त्या जोडीच्या बाहेर असते. मग त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर कोण ठेवणार, ती ताजी कोण राखणार, आणि पहिली डिस्क गेल्यावर फर्मवेअरला दुसरीचा पत्ता कोण सांगणार? जुने प्रश्न नव्या घरात राहायला आले आहेत, इतकेच.

हे पुस्तक मराठीत आणि जबलपुरात का लिहिले, तेही सांगतो. या गावात १९४२ पासून दूरसंचार प्रशिक्षणाचे केंद्र आहे, १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, २००५ पासून आयआयआयटीडीएम आहे. तारा, एक्स्चेंज आणि यंत्रे चालू ठेवून दुरुस्त करण्याची परंपरा इथल्या हातांना नवी नाही. आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस सागरच्या मराठ्यांच्या आणि मग नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आलेली मराठी घरेही इथे नवी नाहीत. घरात मराठी, बाजारात हिंदी, पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांत वाढलेल्या मुलाला सर्वांत कठीण गोष्ट स्वतःच्या घरच्या भाषेत समजावी, एवढाच हेतू. पारिभाषिक शब्द मी जसेच्या तसे ठेवले आहेत. सेक्टरला सेक्टर म्हटल्याने मराठी बुडत नाही. विचार मराठीत झाला म्हणजे पुरे.

आता कसे वाचावे याविषयी थोडे. खऱ्या यंत्रावर प्रयोग सुरू करू नका. आभासी यंत्र उभे करा. तिथली डिस्क म्हणजे एक फाइल असते, हवी तितकी मोडावी. सुरुवातीला काहीही लिहू नका, फक्त वाचा: पहिले ५१२ बाइट काढून हेक्समध्ये पाहा, ५५ आणि एए शोधा, पार्टिशनच्या चार नोंदी वहीत उतरवा. मग मुद्दाम चुका करा. ४४६ ऐवजी ५१२ लिहून पाहा आणि यंत्र बंद न करता काय दिसते, बंद केल्यावर काय दिसते, याची तुलना करा. त्या एका प्रयोगाने जे कळेल ते दहा प्रकरणे वाचून कळणार नाही.

पुढे खऱ्या डिस्कवर लिहिण्याची वेळ येईल तेव्हा चार प्रश्न स्वतःला विचारा. ही डिस्क आत्ता कुणाच्या ताब्यात आहे? मी लिहिणार ती जागा नेमकी कुठून कुठपर्यंत आहे आणि ती कुणाच्या नावावर आहे? यंत्र खरोखर याच डिस्कवरून उठते का? आणि चुकले तर दुसऱ्या कशावरून यंत्र उठवता येईल? चौथ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून बूट होणारी एक यूएसबी शेजारी हवी, आणि ती चालते हे आधीच पाहिलेले हवे. लिहून झाल्यावर वाचून ताडून पाहा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपण समोर असताना, दिवसाउजेडी, यंत्र एकदा बंद करून चालू करा. झोपलेली चूक आपणच उठवलेली बरी. ती आपल्याला मध्यरात्री उठवते तेव्हा फार महाग पडते.

प्रकरणे क्रमाने वाचलीत तर उत्तम, पण तसा आग्रह नाही. ज्यांच्याकडे यूईएफआयची नवी यंत्रे आहेत त्यांनी शेवटच्या भागापासून सुरुवात करून मागे यावे; जुन्या यंत्रांवर शिकणाऱ्यांनी पहिल्या सेक्टरपासूनच निघावे. कुठूनही आलात तरी चारही प्रश्नांच्या उत्तरांचा कागद समोर ठेवल्याशिवाय कोणत्याही चालू डिस्कवर एकही बाइट लिहू नका, एवढीच विनंती.